सात वाजायच्या आत: जर्मनीतला बर्फ कोण उचलतं?

समजा, जानेवारीतली एक पहाट आहे. सहा वाजलेत, बाहेर काळोख आहे. स्टुटगार्टच्या आसपास एका टेकडीच्या उतारावरच्या घरात तुम्ही भाड्याने राहताय. रात्रभर बर्फ पडलाय आणि नेहमी ऐकू येणारा रस्त्याचा आवाज आज अजिबात नाही. मग अचानक खालून घरघर सुरू होते. पडदा सरकवून बघता, तर शेजारचे सत्तरीतले आजोबा एका छोट्या ट्रॅक्टरवर बसलेत. पुढे लोखंडी पातं, चाकांना साखळ्या, छपरावर फिरणारा पिवळा दिवा. रस्त्यापासून त्यांच्या दारापर्यंतचा चढ ते वरून खाली साफ करत येतायत. हे बघून तुम्हाला हसू येतं, फोटो काढावासा वाटतो. आणि मग आठवतं की जिन्यात टांगलेल्या पाटीनुसार या आठवड्यात पाळी तुमची आहे.

जर्मनीत राहणाऱ्या बहुतेकांना हा क्षण कधी ना कधी भेटतो. भाडेकरार सही करताना आपण भाडं, डिपॉझिट, हीटिंगचा खर्च वाचतो. ‘विंटरडीन्स्ट’ नावाचं कलम नजरेआड होतं. पहिल्या बर्फाला कळतं की घरासमोरचा फुटपाथ सकाळी साधारण सातच्या आत चालण्याजोगा करायचा आहे, आणि तो करणारी व्यक्ती महानगरपालिकेची नाही, आपण आहोत. भारतातून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हाच: सार्वजनिक फुटपाथ मी का साफ करू?

प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर शोधताना आपल्याला एका निसरड्या जिन्यावर, काही द्राक्षमळ्यांत आणि युद्धानंतरच्या बटाट्याच्या शेतात जावं लागेल. आणि शेवटी आपल्याच घराच्या अंगणातही.

एक जिना आणि एक तत्त्व

जर्मनीचा नागरी कायदा, म्हणजे ‘बेगेबे’, १ जानेवारी १९०० ला लागू झाला. त्यातलं कलम ८२३ सांगतं की दुसऱ्याच्या जिवाला, शरीराला किंवा मालमत्तेला मुद्दाम अथवा निष्काळजीपणाने इजा केली तर भरपाई द्यावी लागेल. वाचायला सोपं आहे. पण एक मोठी पोकळी राहिली होती. ‘इजा केली’ म्हणजे काहीतरी कृती केली. पण कुणी काहीच केलं नाही, नुसता बसून राहिला, आणि त्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर?

लाइपझिगच्या राइश न्यायालयासमोर असे दोन खटले पाठोपाठ आले. १९०२ मधला खटला झाडाचा होता: सार्वजनिक रस्त्यालगतचं कुजलेलं झाड पडलं आणि नुकसान झालं. १९०३ मधला खटला बर्फाचा होता. लोकांच्या जाण्या-येण्याच्या एका दगडी जिन्यावर बर्फ साचून घसरण झाली होती, त्यावर वाळू वगैरे काही टाकलेलं नव्हतं, आणि एक माणूस पडून जखमी झाला. जिना नगरपालिकेचा होता. नगरपालिकेने त्या माणसाला ढकललं नव्हतं, हे उघडच आहे. तरी न्यायालयाने म्हटलं की जो एखादी जागा लोकांच्या वापरासाठी खुली ठेवतो, त्याने तिथून जाणाऱ्यांच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. काही न करणं हीसुद्धा चूक ठरू शकते.

या तत्त्वाला पुढे ‘फेरकेअर्सझिशेरुंग्सफ्लिश्त’ असं लांबलचक नाव मिळालं. आज जर्मनीत दुकानातली ओली फरशी, खेळाच्या मैदानातला सैल झोका, बांधकामाचा उघडा खड्डा, या सगळ्यांचे वाद याच तत्त्वावर सोडवले जातात. त्याची सुरुवात ज्या दोन खटल्यांतून झाली, त्यातला एक बर्फाळ जिन्याचा होता, हे पुढच्या वेळी फावडं हातात घेताना आठवायला हरकत नाही.

मग नगरपालिकेची जबाबदारी तुमच्या गळ्यात कशी आली? जर्मन राज्यांचे रस्तेविषयक कायदे गावांना आणि शहरांना मुभा देतात की फुटपाथ साफ ठेवायचं काम त्यांनी स्थानिक नियमाने लगतच्या घरमालकांकडे सोपवावं. घरमालक तेच काम भाडेकरारातून भाडेकरूकडे सोपवू शकतो. मात्र काम नीट होतंय की नाही, यावर नजर ठेवायची जबाबदारी त्याचीच राहते. वेळ गावागणिक थोडी बदलते. बऱ्याच ठिकाणी कामाच्या दिवशी सकाळी सात ते रात्री आठ आणि रविवारी तासा-दोन तासांची सवलत, असा नियम असतो. संपूर्ण फुटपाथ घासूनपुसून काढायचा नसतो. दोन माणसं एकमेकांना ओलांडून जातील एवढी, साधारण मीटर-सव्वा मीटरची वाट हवी. बर्फ पडतच असेल तर दर दहा मिनिटांनी बाहेर धावायची अपेक्षा नाही. पण थांबल्यावर टाळाटाळ चालत नाही.

तुमच्या स्वतःच्या चढाचं काय? तिथे नगरपालिकेचा नियम लागू नसला तरी १९०३ चा जिना लागू आहे. पोस्टमन, पार्सलवाला, आजारी माणसाकडे येणारी नर्स यांना दारापर्यंत सुखरूप येता आलं पाहिजे. तुमची गाडी वर चढते की नाही, हा तुमचा प्रश्न. त्यांचा पाय घसरतो की नाही, हा कायद्याचा.

उताराचं शहर

स्वतःच्या दारासमोरचं स्वतः साफ करायचं, ही कल्पना मात्र १९०३ पेक्षा खूप जुनी आहे. स्टुटगार्टमध्ये तिची मुळं १४९२ च्या नगर-नियमांपर्यंत मागे नेतात. काउंट एबरहार्डच्या काळातला तो नियम होता आणि त्यात लोकांना आपापल्या दारातलं शेण-खत दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकायला सांगितलं होतं. पुढे याचीच ‘केअरवोखे’ झाली, म्हणजे झाडायचा आठवडा. या आठवड्यात तुमच्या दारावर पाटी, पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याच्या. स्टुटगार्ट शहराने १९८८ मध्ये ही सक्ती नगरपालिकेच्या नियमांतून काढून टाकली. पण भाडेकरारांतून, जिन्यातल्या पाट्यांतून आणि शेजाऱ्यांच्या नजरांतून ती अजून शिल्लक आहे. स्वाबियन माणसाच्या काटेकोरपणावरचे निम्मे विनोद याच आठवड्याभोवती फिरतात.

स्टुटगार्ट एका खोलगट वाटीत वसलंय आणि वस्ती चहूबाजूंच्या टेकड्यांवर चढत गेली. त्या टेकड्यांवर आधी द्राक्षमळे होते. आजही शहराच्या हद्दीत काही आहेत. मळ्यांमध्ये चढण्या-उतरण्यासाठी ज्या दगडी पायऱ्या बांधल्या, त्यांना तिथे ‘श्टेफेले’ म्हणतात. अशा चारशेहून अधिक पायवाटा शहरात आहेत. हेच शहर १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे. एकीकडे पावसाळ्यात तुंबणारं सपाट शहर, दुसरीकडे हिवाळ्यात घसरणारं उताराचं शहर.

उतारावर बर्फ म्हणजे निव्वळ गैरसोय नसते, ते वजन असतं. साधा हिशोब करून बघा. तीस मीटर लांब, तीन मीटर रुंद चढ आणि वीस सेंटिमीटर बर्फ. झाला अठरा घनमीटर. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभरेक किलो धरला तर १,८०० किलो. तोच ओला होऊन बसला आणि घनमीटरला तीनशे किलोपर्यंत गेला, तर पाच टनांपेक्षा जास्त. हे सगळं हाताने, फावड्याने, नाश्त्याआधी. मोठ्या बर्फानंतर डॉक्टर हृदयाच्या रुग्णांना फावडं हाती घेऊ नका असं सांगतात, त्यामागे हाच हिशोब आहे. आणि म्हणूनच शेजारच्या आजोबांच्या ट्रॅक्टरला आता हसू नका.

बटाटे, द्राक्षं आणि भात

तो ट्रॅक्टर आला कुठून? यंत्र येण्याआधी गावोगावी लाकडी फळ्यांचा त्रिकोण करून तो घोड्यांमागे जुंपत आणि रस्त्यावरून ओढत. वजनासाठी वर दगड ठेवत. घोडा पुढून बर्फ तुडवतच जाई. घोडा जाईल तिथपर्यंतच रस्ता उघडा व्हायचा. बाकी सगळं फावड्यावर.

१९४५ मध्ये जर्मनी हरला, शहरं ढिगाऱ्यात गेली आणि खायला पुरेसं नव्हतं. डाइम्लर-बेन्झमध्ये विमानांच्या इंजिनांवर काम केलेला आल्बर्ट फ्रीडरिश नावाचा अभियंता तेव्हा शेतीच्या एका गाडीचा विचार करत होता. नांगरेल, माल वाहील, रस्त्यावरही धावेल आणि इतर अवजारं जोडून चालवता येतील, अशी गाडी. अमेरिकन लष्करी प्रशासनाच्या परवानगीने काम सुरू झालं. गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर ठरलं १,२७० मिलिमीटर, कारण बटाट्याच्या दोन ओळी बरोबर त्यात बसत होत्या. चारही चाकं सारख्या आकाराची, चारही चाकांना ताकद, आणि पुढे-मागे दोन्हीकडे अवजारं जोडायची सोय. नाव ठेवलं ‘उनिव्हर्झाल-मोटोर-गेरेट’, थोडक्यात उनिमोग. १९४८ पासून ग्योपिंगेनच्या ब्योरिंगर कंपनीत त्याचं उत्पादन सुरू झालं आणि १९५१ पासून डाइम्लर-बेन्झच्या गागेनाउ कारखान्यात. पहिल्या गाड्या २५ हॉर्सपॉवरच्या होत्या.

शेतीसाठी केलेली ही गाडी हिवाळ्यात रिकामी उभी राहायची. पुढे पातं लावायची सोय होतीच. ब्लॅक फॉरेस्टमधल्या सेंट ब्लाझियेनच्या श्मिट कंपनीसारख्यांनी तिच्यासाठी बर्फाची पाती आणि बर्फ उडवणारी यंत्रं बनवली. बटाट्याच्या ओळींसाठी आखलेली गाडी डोंगरी रस्त्यांवरची ओळखीची बर्फगाडी झाली.

पण उनिमोग तुमच्या फुटपाथवर मावत नाही. तिथे दुसरी शाखा उपयोगी पडली. स्टुटगार्टच्या दक्षिणेला मेट्सिंगेन गाव आहे. आज तुम्ही तिथे ब्रँडेड कपडे स्वस्तात घ्यायला जात असाल. तिथली होल्डर ही कंपनी १८८८ मध्ये सुरू झाली आणि द्राक्षमळ्यांसाठी फवारणीची यंत्रं बनवायची. द्राक्षांच्या दोन ओळींत अंतर कमी, त्यात उतार. त्यामुळे ट्रॅक्टर अरुंद हवा, चारही चाकांनी ओढणारा हवा आणि ओळ संपली की जागच्या जागी वळणारा हवा. १९५० च्या दशकात होल्डरने मधोमध सांधा असलेला, कंबरेत वाकून वळणारा छोटा ट्रॅक्टर काढला. आता हेच तीन गुण फुटपाथला लावून बघा: अरुंद, उतार, वळायला जागा नाही. द्राक्षमळ्याचा ट्रॅक्टर नगरपालिकांच्या हिवाळी ताफ्यात गेला, तो असा.

तिसरी शाखा जपानची. भाताच्या छोट्या खाचरांसाठी १९६० च्या दशकापासून कुबोटा, इसेकी, यानमार यांनी लहान डिझेल ट्रॅक्टर बनवले. युरोपात आल्यावर त्यांनी उन्हाळ्यात गवत कापलं आणि हिवाळ्यात बर्फ ढकलला. तुमच्या शेजारच्या आजोबांचा ट्रॅक्टर बहुधा याच घराण्यातला असणार.

हे वाचताना तुमच्यापैकी नाशिक किंवा सांगलीकडच्यांना काहीतरी ओळखीचं वाटेल. दिंडोरीच्या किंवा तासगावच्या द्राक्षबागेत औषध फवारत फिरणारा पंधरा-वीस हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर आठवा. ओळींतलं अंतर कमी, म्हणून ट्रॅक्टर अरुंद. अडचण तीच होती, म्हणून उपायही तोच निघाला. तिथे मागे फवाऱ्याची टाकी, इथे पुढे लोखंडी पातं.

चढ साफ करायची रीत

इतिहासाच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण यंत्राचे गुण-दोष कळले की नियमही समजतात. शिवाय कुणीतरी कधीतरी तुमच्या हातात त्या ट्रॅक्टरची किल्ली देईलच.

पहिली गोष्ट वजनाची. पुढे पातं लटकलं की मागची चाकं हलकी होतात आणि जागीच फिरायला लागतात. म्हणून मागे वजन बांधतात आणि चाकांना साखळ्या चढवतात. दुसरी, दिशा. शक्यतो वरून खाली ढकलायचं. चढताना पातं उचलून घ्यायचं. बर्फाच्या वजनाशी चढावर झगडण्यात अर्थ नाही. तिसरी, ब्रेक. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांवर लागतात. उतारावर नेमकी तीच चाकं हलकी असतात. म्हणून उतरायच्या आधीच चारही चाकांचा जोड लावायचा आणि हळू गिअरमध्ये इंजिनाच्या ताकदीवर उतरायचं. उताराला आडवं वळायचं नाही, ट्रॅक्टर कलंडतो.

चौथी गोष्ट नवखे हमखास विसरतात: ढीग कुठे करायचा? चढाच्या वरच्या बाजूला ढीग घातला तर दुपारी तो वितळतो, पाणी चढावरून वाहतं, रात्री गोठतं आणि सकाळी तुमच्या दारात काच तयार असते. म्हणून ढीग खालच्या अंगाला. रस्त्यावर लोटायचा नाही आणि शेजाऱ्याच्या हद्दीत तर नाहीच. बर्लिनसह अनेक शहरांत खासगी माणसाला मीठ टाकायलाही बंदी आहे, कारण ते झाडांच्या मुळांशी जातं. वाळू किंवा बारीक खडी टाकायची आणि हिवाळा संपला की तीही झाडून घ्यायची.

या सगळ्या सूचनांत एक गोष्ट सारखी दिसेल. आपला बर्फ दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ नये.

कुणाच्या हातात फावडं?

इथवरची गोष्ट ऐकायला छान वाटते: प्रत्येकजण आपापल्या दारासमोरचं साफ करतो. पण जर्मनीतच या कामाचा दुसरा इतिहास आहे आणि तो सोडून पुढे जाता येत नाही.

फेब्रुवारी १९४२, ड्रेस्डेन. व्हिक्टर क्लेम्पेरर हे रोमान्स भाषांचे प्राध्यापक. ज्यू कुटुंबात जन्मले म्हणून १९३५ मध्ये त्यांची नोकरी गेली होती. वय साठ, तब्येत नाजूक. त्या हिवाळ्यात त्यांना आणि शहरातल्या इतर ज्यूंना रस्त्यावरचा बर्फ उपसायच्या सक्तीच्या कामाला लावलं गेलं. क्लेम्पेरर लपूनछपून रोजनिशी लिहीत होते, म्हणून आपल्याला हे कळतं. रस्ता तोच आणि फावडंही तेच. पण १९०३ च्या न्यायालयाने जिन्यावरून जाणाऱ्या कुणाही अनोळखी माणसाची काळजी घ्यायला सांगितलं होतं. इथे ठरवलं गेलं की अमुक जन्माच्या माणसांनी उपसायचं आणि बाकीच्यांनी त्यावरून चालायचं.

आपल्याला, मराठी माणसांना, हे वाक्य अनोळखी वाटू नये. अमुक जन्माच्या माणसांनी झाडायचं, हे आपल्याकडे कुठल्या हुकूमशहाने सुरू केलं नाही. ते गावगाड्यात मुरलेलं होतं आणि शहरांत नगरपालिकेच्या नोकरीच्या रूपाने चालू राहिलं. १९३० च्या दशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, तो सफाईचं काम करणाऱ्या याच माणसांसाठी. आणि गाडगेबाबा ज्या गावात जात तिथे आधी खराटा हातात घेत, गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. खराटा कुणी धरायचा हे जन्माने ठरत नाही, एवढं त्या कृतीतूनच लोकांना दिसायचं. २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला महाराष्ट्र सरकारने त्यांचं नाव दिलं. पण आज मुंबई-पुण्याच्या सोसायटीत जिना कोण झाडतं आणि त्याची चहाची कपबशी वेगळी असते का, हे तुम्हीच आठवून बघा.

म्हणून ‘सार्वजनिक फुटपाथ मी का साफ करू?’ हा प्रश्न आपण विचारतो, तेव्हा त्यात थोडा हक्काचा आवाज असतो आणि थोडा सवयीचा. ‘हे काम करणारी माणसं असतात ना’, ही ती सवय.

जर्मनीही याबाबतीत सोवळी राहिलेली नाही. आज पुष्कळ इमारती हे काम ठेकेदाराला देतात. पहाटे तीन-चारला छोटा ट्रॅक्टर घेऊन शहरभर फिरणारे हात बरेचदा दुसऱ्या देशांतून आलेल्यांचे असतात. त्या कामाचे पैसे मिळतात, करार असतो, अपघात विमा असतो. हा फरक लहान नाही. तरी पडद्याआडून बघताना तो हात कुणाचा आहे, हे बघावं.

रणगाडे आले तेव्हा

कधीकधी फावडं आणि छोटा ट्रॅक्टर दोन्ही कमी पडतात. डिसेंबर १९७८ च्या अखेरीस बाल्टिक किनाऱ्यावर तापमान झपाट्याने उतरलं आणि हिमवादळ सुरू झालं. र्‍युगेन बेट तुटलं, गाड्या अडकल्या, गावांची वीज गेली. तेव्हा जर्मनी दोन होत्या आणि वादळ सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखंच होतं. दोन्हीकडच्या सैन्यांनी रस्ते उघडायला रणगाडे आणले. पण त्या आठवणी सांगणारे लोक रणगाड्यांइतकंच बोलतात ते शेजाऱ्यांबद्दल: ट्रॅक्टरवरून दूध पोचवणारा शेतकरी, गरोदर बाईला दवाखान्यात नेणारे लोक.

हिवाळे आता सौम्य झालेत. सपाट भागात बरेच जण ट्रॅक्टर सोडाच, फावडंसुद्धा शोधत बसतात. पण २ डिसेंबर २०२३ ला म्युनिकमध्ये ४४ सेंटिमीटर बर्फ साचला, विमानतळ बंद पडला आणि कित्येकांना भाडेकरारातलं ते कलम आठवलं. क्वचित पडणारा बर्फ जास्त धोक्याचा, कारण सवय गेलेली असते.

तर, त्या जानेवारीच्या पहाटेकडे परत येऊ. साडेसहा झालेत. बूट घाला, हातमोजे शोधा, तळघरातून फावडं काढा. आजोबांना हात करा. बहुतेक ते ट्रॅक्टर वळवून तुमचाही चढ एका फेरीत मोकळा करतील. तुम्ही कडेचं फावड्याने काढा आणि वर खडी टाका. नंतर त्यांना चहा विचारा, आलं घातलेला. सात वाजता पेपर टाकणारी बाई चढ चढून वर येईल. तिला तुमचं नाव माहीत नाही, तुम्हाला तिचं नाही. ती घसरणार नाही.